बटणाचं संत्रं

बेबीताई राऊत यांना सुटी वस्तू सहन होत नाही. त्यांच्या घरात उशी गादीला बटणानं लावलेली असते. टीव्हीचा रिमोट कापडी पिशवीत आणि ती पिशवी सोफ्याच्या हाताला बटणानं. हात पुसायचं फडकं कमरेला, किल्ली पदराला. जिथे पाहावं तिथे पट्टी, काज आणि बटण. एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेले आणि चष्मा काढून बाजूला ठेवला, एवढंच माझं चुकलं. "सुटं ठेवलं का गेलं, मॅडम," असं म्हणत त्यांनी चष्म्याच्या दांडीला एक लाल पट्टी बांधली आणि माझ्या खांद्यावर, अंगातल्या ब्लाउजलाच, बटण टाचायला घेतलं. अंगावरचं कापड शिवताना ज्याच्या अंगावर ते आहे त्यानं तोंडात धागा धरायचा असतो. त्यामुळे सगळ्यात आधी माझ्या दातांत धाग्याचा तुकडा आला आणि नको म्हणायची सोयच राहिली नाही. ब्लाउज पांढरा होता. बटण चॉकलेटी.

इरा, अर्णव, परवा तुम्ही पार्सलमधून निघालेला तो नारिंगी गोळा कॅमेऱ्यासमोर धरून विचारलंत, "आजी, हा भोपळा आहे का?" भोपळा नाही, ते संत्रं आहे. ते मी केलेलं नाही, हे तुमच्या आईला टाक्यांवरून कळलंच असेल. ते बेबीताईंनी केलं आहे. फोनवर सांगायला गेले असते तर मधेच माझा आवाज गेला असता आणि तुम्ही नेटवर्कला दोष दिला असता, म्हणून लिहिते आहे.

बेबीताई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सत्तरी कधीच ओलांडली, तरी सगळ्यांच्या बेबीताईच. त्या मूळच्या नरखेड तालुक्यातल्या. संत्र्याचा बगीचा, विहीर, दोन बैल, पुढे बैल जाऊन मोटरसायकल. मुलानं नागपुरात फ्लॅट घेऊन आईवडिलांना आणलं, आणि स्वतः नोकरीसाठी हैदराबादला गेला. बगीचा आता पुतण्या पाहतो.

मी मिशनच्या शाळेत शिकले. तिथे शिवणाच्या बाई काज जरा तिरपं आलं की सगळं उसवायला लावत. माझ्या घरात मसाल्याच्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या आहेत आणि रुमालांच्या घड्या एकाच मापाच्या. अशा माणसाच्या समोर बेबीताईंसारखी शेजारीण यावी, हा माझ्या नशिबाचा विनोद. त्यांनी मला शिवून दिलेल्या पिशवीचे दोन बंद दोन लांबीचे आहेत. ती खांद्याला अडकवली की बटाटे एका कोपऱ्यात जमतात आणि कोथिंबीर रस्त्यावर सांडते. गरम भांडं धरायला दिलेल्या जाड कापडात नेमकी अंगठ्याच्या जागी फट आहे. मी एकदा धीर करून म्हटलं, "बेबीताई, या पिशवीचे बंद सारखे नाहीत."

"अवं मॅडम," त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमचे खांदे तरी कुठी सारखे हाय?"

घरी येऊन मी आरशात पाहिलं. नाहीत.

हे बटणांचं वेड त्यांना जन्मापासून असेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. ते गुलाबरावांपासून सुरू झालं.

गुलाबराव म्हणजे बेबीताईंचे यजमान. उंच, सावळे, बोलणं मोजकं. इथे आले तेव्हा ते अगदी धडधाकट होते. हिवाळ्यात जिन्याजवळ खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला संत्रं सोलून देत. त्यांच्या हातात संत्र्याची साल तुटत नसे, फुलासारखी उमलत असे. मग एकेक फोड वेगळी, तिच्यावरची पांढरी शीर काढलेली. पहिली फोड समोरच्याला आणि लगेच प्रश्न, "गोड हाय?" स्वतः शेवटची खात.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी वार गेले, मग नावं, मग मुलाचा चेहरा. शेवटी बेबीताईसुद्धा गेल्या. ते त्यांना फार अदबीनं विचारायचे, "बाई, तुम्ही कामाले कोनाकडून आल्या?"

"तुमच्याकडूनच आली," बेबीताई सांगायच्या.

"बरं झालं. संत्र्याचा तोडा सुरू हाय. बाया कमी पडून राहिल्या."

सगळं विसरले, पण एक गोष्ट विसरले नाहीत, आणि तिनंच बेबीताईंचा जीव खाल्ला. गावाकडे शेतावरची वीज तिच्या वेळेनं येते आणि तिच्या वेळेनं जाते. ती आली की म्हणायचं, 'लाइन आली.' लाइन आली की जिथे असाल तिथून उठायचं, विहिरीवर जायचं, मोटार चालू करायची. नाहीतर झाडं तहानलेली राहतात. गुलाबरावांनी उभा जन्म हेच केलं. आणि आमच्या भागात उन्हाळ्यात वीज सारखी जाते नि येते. इथे पंखा गरगरला, फ्रिज घरघरला, की गुलाबराव खाटेवरून उठायचे. "लाइन आली," म्हणायचे आणि पायात चप्पल न घालता दाराबाहेर.

एकदा ते जरीपटक्याच्या बाजारात सापडले. एका ठेल्यापाशी उकिडवे बसून मोसंब्यांची प्रतवारी करत होते. मोठी एकीकडे, बारीक एकीकडे, डागी मागे. बेबीताई धापा टाकत पोचल्या तर ठेलेवाला खूश. "माताजी, बाबूजी को रोज भेज दिया करो. इतना बढिया माल किसी ने नहीं लगाया." बेबीताईंनी त्याला भर बाजारात काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. तुमची मराठी बरी आहे, पण इतकी नको.

पुढच्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, ते रिंग रोडच्या कडेला पडलेले सापडले. तळपाय भाजून निघाले होते. डॉक्टर म्हणाले, या उन्हात पुन्हा असे गेले तर परत आणता येणार नाहीत. हैदराबादहून मुलगा आला. त्यानं अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था पाहून ठेवली होती. वाईट नव्हता तो, घाबरला होता.

"तिथं लाइन आली तर यायच्यासंगं कोन उठंन?" बेबीताईंनी विचारलं.

"आई, तिथं कुलूप असते."

"मंग माह्या घरी कुलूप नाही का?"

त्यांनी कुलूप लावून पाहिलं. वीज आली, गुलाबराव उठले, दार उघडेना. त्यांनी दारावर थापा मारल्या, मग डोकं टेकलं, आणि रडायला लागले. माझ्या घरात ऐकू येत होतं. "बाई, दार उघडा वं. झाडं वाळून राहिले. माहे झाडं मरतीन." एवढ्या मोठ्या माणसाला झाडांसाठी रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी माझ्या नीटनेटक्या स्वयंपाकघरात उभी होते.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंनी कुलूप काढून टाकलं. जुन्या परकराची एक पट्टी कापली. तिचं एक टोक स्वतःच्या पदराला शिवलं, दुसऱ्या टोकाला काज केलं, आणि गुलाबरावांच्या सदऱ्याच्या काठाला बटण लावलं. गुलाबराव तोंडात धागा धरून शहाण्यासारखे उभे राहिले. तेव्हापासून दुपारी ते खाटेवर, बेबीताई खाली चटईवर, आणि मधे ती पट्टी. वीज आली, ते उठले, की पदर ओढला जायचा आणि बेबीताईही उठायच्या. मग दोघं मिळून जिना उतरायचे. खाली इमारतीच्या पाण्याचा पंप आहे. गुलाबराव तो चालू करायचे, आवाज ऐकायचे, समाधानानं मान हलवायचे आणि घरी यायचे. वरची टाकी भरून वाहायची, गच्चीतून पाण्याचे लोट यायचे. सोसायटीचे सेक्रेटरी ओरडत यायचे. बेबीताई त्यांना म्हणायच्या, "काहून ओरडून राहिले, भौ? ओलीत सुरू हाय."

यानंतर घरातल्या सगळ्या वस्तूंना बटणं लागली. एक माणूस धरून ठेवायला जमलं म्हटल्यावर त्यांना वाटलं असावं की बाकीचंही जमेल. माझा फोनसुद्धा त्यांनी माझ्या ॲप्रनला अडकवून दिला, का तर तुमचा कॉल चुकू नये.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला काहीतरी काम द्या. काम कोणतं द्यायचं हे बेबीताईंना ठाऊक होतं, पण उन्हाळ्यात आमच्याकडे संत्रं मिळत नाही. एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "मॅडम, कागदाचं माप काढून द्या. संत्रा शिवायचा हाय."

मला वाटलं, आता यांचंही सुरू झालं.

पण मी माप काढलं. सालीच्या पाकळ्या, त्या वर एकत्र येऊन एकाच बटणात अडकणाऱ्या. आत चंद्रकोरीसारख्या फोडी. जरीपटक्याला जाऊन आम्ही नारिंगी कापड घेतलं. दुकानदारानं विचारलं, "कौनसे मंदिर का झंडा है, माताजी?" बेबीताई म्हणाल्या, "झंडा नहीं, बगीचा है." सालीला आतून पांढरं अस्तर माझ्या जुन्या चादरीचं लावलं. काजं बेबीताईंनीच केली. ती वाकडी होती. मी ती उसवायला लावली नाहीत, पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पहिलं संत्रं त्यांनी उशीतला कापूस भरून केलं आणि गुलाबरावांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तोललं. कपाळाला आठी पडली.

"हलकं हाय," ते म्हणाले. "आत रस नाही. याले पानी भेटलं नाही."

आणि मोटार चालू करायला उठले. त्या दिवशी वीज आलीसुद्धा नव्हती.

मग बेबीताईंनी सगळ्या फोडी उसवल्या, कापूस काढला आणि ज्वारी भरली. पुन्हा हातावर ठेवलं. गुलाबरावांनी तोललं, कानाशी नेलं, डोळे मिटले. "हं," म्हणाले. बटण काढलं. पाकळ्या उघडल्या. एक फोड वेगळी केली, तिच्यावरून अंगठा फिरवून नसलेली शीर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"गोड हाय?"

मला खोटं बोलायची सवय नाही. "फार गोड आहे," मी म्हणाले.

तो सगळा पावसाळा आम्ही कापड खाल्लं. शेजारपाजारचे खायचे, गॅसचा सिलिंडर आणणारा खायचा आणि वर "मस्त है काका" म्हणायचा. बेबीताईंनी टोपलीभर संत्री शिवली. दिवसभर गुलाबराव ती सोलायचे आणि संध्याकाळी बेबीताई एकेक फोड आत घालून सगळी बंद करून ठेवायच्या. सकाळी पुन्हा तोडा. वीज यायची, ते उठायचे, पण हातात अर्धं सोललेलं संत्रं असलं की कधीकधी ते संपवण्यासाठी पुन्हा बसायचे. एवढ्या तेवढ्यावर आम्ही दोघी आनंद मानायला शिकलो होतो. भाद्रपदात ज्वारीला कीड लागली. एक सोंडा फोडीतून निघून गुलाबरावांच्या हातावर चढला. मी शरमेनं मेले. ते मात्र खूप दिवसांनी हसले. "पाहा," म्हणाले, "जिवंत हाय झाड. फवारा मारा लागते."

दिवाळीनंतर पुतण्यानं गावाहून संत्र्याची पेटी पाठवली. बेबीताईंनी नवी साडी नेसली, मला बोलावलं. पेटी उघडल्यावर घरभर वास सुटला. त्यांनी त्यातलं सगळ्यात चांगलं फळ निवडलं, पदरानं पुसलं आणि गुलाबरावांच्या हातात दिलं. "घ्या. आपल्या बगीच्यातला हाय."

गुलाबरावांनी ते तोललं. मान हलवली. मग अंगठा देठाकडे नेला आणि फळ हळूहळू फिरवायला लागले. एकदा, पुन्हा एकदा. खालून पाहिलं. नखानं चाचपलं. मला आधी कळेना, ते काय शोधताहेत. बेबीताईंना लगेच कळलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

ते बटण शोधत होते.

शेवटी त्यांनी ते फळ परत दिलं, पाहुण्याला वाईट वाटू नये अशा मऊपणानं. "बाई, हे खोलत नाही," म्हणाले.

बेबीताई उठल्या. फळ घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. त्यांनी ते संत्रं सोललं, साल तुटली, ओट्यावर तुकडे पडले. मग टोपलीतलं कापडी संत्रं उघडून ज्वारीच्या फोडी काढल्या, खऱ्या फोडी आत घातल्या आणि बटण लावलं. रस कापडातून बाहेर यायला लागला होता. ते तसंच ओलं त्यांनी गुलाबरावांच्या हातात दिलं. त्यांनी बटण काढलं, पाकळ्या उघडल्या, पहिली फोड बेबीताईंपुढे धरली.

"गोड हाय?"

"गोड हाय," बेबीताई म्हणाल्या. फोड अजून तोंडात गेलेली नव्हती.

त्यानंतर बोटं मंद होत गेली. बेबीताई काज मोठं करत गेल्या, मग बटण मोठं करत गेल्या. शेवटी जुन्या कोटाचं एक बटण लावलं, डोळे मिटूनही निघेल असं. तेही निघेना. गुलाबराव नुसतं संत्रं हातात धरून बसायला लागले. तेव्हा एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या, तुमचं पार्सल बांधत होते मी. टोपलीतलं त्यातल्या त्यात सरळ शिवलेलं एक संत्रं त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"पोरायले पाठवा, मॅडम. त्यायचे बोटं नवे हाय."

तेच तुमच्याकडे आलं आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. वीज गेलेली होती. गुलाबराव खाटेवर टेकून, मांडीवर कापडी संत्रं. बेबीताई खाली चटईवर, मधे पट्टी. आम्ही मेथी निवडत होतो. तेवढ्यात ट्यूबलाइट लुकलुकली, फ्रिज घरघरला. बेबीताईंनी हातातली जुडी टाकली आणि उठायच्या तयारीनं एक हात जमिनीवर टेकला.

पदर ओढला गेला नाही.

त्या तशाच, हात टेकून, थांबल्या. गुलाबराव फ्रिजच्या दिशेनं बघतही नव्हते.

"लाइन आली," बेबीताई म्हणाल्या.

काही नाही.

"अहो. लाइन आली ना. मोटार चालू करा लागते."

गुलाबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. अनोळखी बाई काही सांगते आहे तर ऐकून घ्यावं, अशा अदबीनं.

बेबीताईंनी पट्टीचं बटण काढायला हात घातला आणि घाईत ते तोडलंच. पदर सुटा झाला. त्या दाराशी गेल्या, कडी काढली, दार सताड उघडलं. परत आल्या आणि त्यांचा हात धरून ओढला. "उठा ना. झाडं वाळून राहिले. अहो, उठा. मी नाही अडवत. जा."

गुलाबराव उठले नाहीत. जिन्यातून थंड वारा आत येत होता. मेथीची पानं जमिनीवरून सरकली.

बऱ्याच वेळानं बेबीताई खाटेच्या कडेवर बसल्या. तुटलेलं बटण मुठीत होतं, ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"तुमचा टाका पक्का असते, मॅडम. लावून द्या."

मी सुई ओवली. त्यांनी धाग्याचा एक तुकडा तोडून गुलाबरावांच्या ओठांत दिला. मिशनच्या शाळेत जेवढं शिकले होते तेवढं सगळं मी त्या एका बटणात घातलं. गाठ मारली, दोरा तोडला. बेबीताईंनी पदराची पट्टी उचलून काजात बटण घातलं आणि एकदा ओढून पाहिलं.

बटण लावून झालं होतं, तरी गुलाबरावांनी ओठांतला धागा सोडला नाही. बेबीताईंनीही तो काढून घेतला नाही. दार उघडंच होतं.